लॅमिन जनुकाचा अहवाल हाती आल्यावर: तो वाचावा कसा आणि पुढे करावे काय

पेशीविज्ञान शिकवण्यात माझी सारी नोकरी गेली. निवृत्तीनंतर वडोदऱ्यातील दांडिया बाजारातल्या आमच्या घरी ओळखीची मराठी कुटुंबे जनुकीय तपासणीचे अहवाल घेऊन येऊ लागली, कारण अहवाल इंग्रजीत असतो, तो समजावून सांगणारा घाईघाईने गुजरातीत किंवा हिंदीत बोलतो, घरातली चर्चा मराठीत चालते आणि या तिन्हींच्या मध्ये अर्थ कोठेतरी सांडतो. ज्या शहरात सयाजीराव महाराजांनी कारभाराच्या शब्दांचा बहुभाषी कोश करवून घेतला, त्या शहरात आजारपणाचा कागद घरच्या भाषेत उलगडून मिळू नये, हे मला मनापासून खटकते. म्हणून हे मार्गदर्शन लिहितो आहे. मी वैद्य नाही. औषध, यंत्र किंवा शस्त्रक्रिया यांचा निर्णय डॉक्टरांनीच करायचा आहे. मात्र कागद वाचणे, योग्य प्रश्न घेऊन डॉक्टरांकडे जाणे आणि नातेवाइकांना वेळेत सावध करणे ही कामे कुटुंबाची आहेत आणि ती शिकता येतात.

हे सारे एका विशिष्ट अहवालाविषयी आहे: ज्यात एलएमएनए किंवा ईएमडी या जनुकाचे नाव आले आहे, असा अहवाल. हाच विषय निवडण्याचे कारण आमच्याच गल्लीतले आहे. शेजारच्या घरातला मुलगा लहानपणी चवड्यांवर चालत असे. ती सवय आहे, मोठेपणी जाईल, असे त्याच्या आईवडिलांना सांगण्यात आले. बाराव्या वर्षी एका रुग्णालयात त्याच्या टाचेची शीर लांब करण्याची शस्त्रक्रिया झाली, कोपर पुरते सरळ होत नाही याकडे कोणी पाहिले नाही आणि ईसीजी तर काढलाच नाही. त्याचे काका अडतिसाव्या वर्षी झोपेतच गेले होते. त्यांच्या तेराव्याला मी बसलो होतो आणि त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असेल, असे तेव्हा माझ्याही मनात आले नाही. मुलगा एकवीस वर्षांचा असताना जिन्यात बेशुद्ध होऊन पडला, तेव्हा कोठे तपास सुरू झाला. तो आज बरा आहे. पण त्याची आई अहवाल घेऊन आली तेव्हा तिने विचारलेला प्रश्न मी विसरलेलो नाही: ‘सर, आजार स्नायूंचा आहे ना, मग आम्हाला हृदयाच्या डॉक्टरांकडे कशाला पाठवतात?’ या प्रश्नाचे उत्तर ज्याला नीट कळले, त्याला या अहवालातले निम्मे काम कळले.

आधी जाळी समजून घ्यावी

बाजारात लसूण ज्या जाळीदार पिशवीत मिळतो ती पिशवी घ्यावी, तिच्यात एक फुगा घालून तो पिशवी ताणली जाईपर्यंत फुगवावा. मुलांना आणि पालकांना मी हाच प्रयोग दाखवत आलो आहे. फुगा म्हणजे पेशीचे केंद्रक, आणि जाळी म्हणजे लॅमिना. खऱ्या पेशीत मात्र ही जाळी केंद्रकाच्या आवरणाला आतल्या बाजूने चिकटलेली असते, एवढा फरक लक्षात ठेवावा. आता कात्रीने जाळीचा एकच धागा कापावा आणि फुगा दाबावा. कापलेल्या जागेतून फुग्याचा गोळा बाहेर डोकावतो. लॅमिन सदोष असलेल्या रुग्णांच्या त्वचेतील पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तर त्यांच्यातल्या कित्येक केंद्रकांना असेच फुगवटे आलेले दिसतात.

ही जाळी लॅमिन नावाच्या प्रथिनांच्या तंतूंची असते. माणसात या प्रथिनांचे आराखडे तीन जनुकांवर आहेत: पहिल्या गुणसूत्रावरील एलएमएनए, ज्यापासून लॅमिन ए आणि लॅमिन सी ही दोन प्रथिने तयार होतात, पाचव्यावरील एलएमएनबी१ आणि एकोणिसाव्यावरील एलएमएनबी२. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ; लॅमिन सी ५७२ अमिनो आम्लांचे असते. लॅमिन ए आधी ६६४ अमिनो आम्लांच्या कच्च्या रूपात तयार होते, त्याच्या शेपटीला फार्नेसिल नावाचा तेलकट गट चिकटतो आणि मग एक विकर (एन्झाइम) शेवटची १८ अमिनो आम्ले त्या गटासकट कापून टाकते. उरते ते ६४६ चे पक्के लॅमिन ए. ही कापणी लक्षात असू द्यावी, पुढे तिचा उपयोग आहे. एमेरिन हे जाळीचा धागा नव्हे. ते केंद्रकाच्या आतल्या आवरणात रोवलेले आणि जाळीला धरून राहणारे प्रथिन आहे, आणि ईएमडी हे त्याचे जनुक.

आता त्या आईच्या प्रश्नाकडे येऊ. जवळजवळ प्रत्येक पेशीत लॅमिना असते, पण लॅमिन ए सगळीकडे सारख्या प्रमाणात नसते. जे ऊतक जितके ताठ आणि जितका ताण सोसणारे, तितके त्यात लॅमिन ए जास्त, हे २०१३ साली प्रयोगांनी दाखवले गेले. हाडात आणि स्नायूत ते भरपूर असते, मेंदूत कमी. आणि रक्तातल्या ज्या पांढऱ्या पेशींना बारीक केशवाहिन्यांतून अंग चोरून जावे लागते, त्यांच्यात अगदी थोडे. हृदय दिवसाला सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावते. म्हणजे लॅमिन ए सदोष असेल तर हृदयाच्या पेशीचे केंद्रक दिवसाकाठी एक लाख वेळा कमकुवत जाळीत दाबले जाते, आणि त्यातही ठोक्याची विद्युत लहर वाहून नेणारा मार्ग लवकर खराब होतो. शिवाय ही जाळी नुसता आधार देत नाही. जनुकसंचाचा साधारण एक-तृतीयांश भाग तिला टेकून असतो, आणि तेथील बरीचशी जनुके बंद ठेवलेली असतात. जाळी विस्कटली की कोणते जनुक कोठे चालू राहावे याची घडीही विस्कटते. ताणाने होणारी मोडतोड आणि जनुकांच्या नियंत्रणातला बिघाड, यांपैकी कोणत्या रोगात कशाचा वाटा किती, यावर अजून काम चालू आहे. आपल्याकडे हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्रात डॉ. वीणा परनाईक यांच्या गटाने अनेक वर्षे याच प्रथिनांवर संशोधन केले.

अहवाल कोणत्या क्रमाने वाचावा

बहुतेक जण अहवालातले सर्वांत मोठे अक्षर आधी वाचतात आणि तेथेच घाबरून थांबतात. आधी जनुकाचे नाव पाहावे, मग बदलाचा वर्ग, मग जनुकाच्या किती प्रतींत बदल आहे ते, आणि सर्वांत शेवटी रोगाचे नाव.

वर्ग पाच असतात. २०१५ पासून बहुतेक प्रयोगशाळा हीच पद्धत वापरतात. रोगकारक, बहुधा रोगकारक, अनिश्चित अर्थाचा, बहुधा निरुपद्रवी आणि निरुपद्रवी. यांपैकी मधल्या वर्गाविषयी मी थोडे आग्रहाने सांगतो, कारण सर्वाधिक घोटाळा तेथे होतो. ‘अनिश्चित अर्थाचा’ म्हणजे अर्धा रोग नव्हे आणि सौम्य रोगही नव्हे. हा बदल रोग करतो की नाही हे ठरवण्याइतका पुरावा आज जमलेला नाही, इतकाच त्याचा अर्थ आहे. त्या आधारावर धडधाकट भावंडांना ‘तुलाही आहे’ किंवा ‘तू सुटलास’ असे सांगू नये. पण कागद फडताळात टाकूनही देऊ नये. दर दोनेक वर्षांनी प्रयोगशाळेला पुन्हा विचारावे, कारण नवा पुरावा आल्यावर वर्ग बदलतो. आणि मुख्य म्हणजे वर्ग अनिश्चित असला तरी रुग्णाची लक्षणे खरी असतात, त्यांची तपासणी थांबत नाही.

प्रतींबाबत तीन शब्द भेटतात. हेटरोझायगस म्हणजे जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकीत बदल; एलएमएनएच्या बहुतेक रोगांना इतकेच पुरते, आणि अशा व्यक्तीच्या प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता ५० टक्के असते. होमोझायगस म्हणजे दोन्ही प्रतींत तोच बदल. हेमिझायगस हा शब्द ईएमडीच्या अहवालात पुरुषांसाठी येतो, कारण ते जनुक एक्स गुणसूत्रावर आहे आणि पुरुषाजवळ एक्स एकच असते. असा पुरुष आपल्या सर्व मुलींना तो बदल देतो आणि एकाही मुलाला देत नाही. अशा मुली निव्वळ वाहक असतात असे समजून त्यांना मोकळे सोडले जाते, ते चुकीचे आहे. स्नायू ठणठणीत असूनही त्यांच्यापैकी काहींना पुढे हृदयाच्या ठोक्याचा त्रास होतो, म्हणून ईसीजी त्यांचाही हवा.

आता बदलाचे नेमके स्थान. अहवालात अमिनो आम्लाचे नाव, एक आकडा आणि दुसऱ्या अमिनो आम्लाचे नाव अशी खूण असते. आर्जिनीन ४५३ च्या जागी ट्रिप्टोफॅन आले तर एमरी-ड्रायफस स्नायुक्षय होतो. टाचा, कोपरे आणि मान आखडतात, दंड आणि पोटऱ्या रोडावतात. तेथून अवघ्या २९ घरांवर, ४८२ व्या आर्जिनीनच्या जागी तेच ट्रिप्टोफॅन आले, तर वयात आल्यानंतर हातापायांची चरबी नाहीशी होते, चेहरा आणि मान भरते, मधुमेह होतो आणि रक्तातील ट्रायग्लिसराइड वाढते. दोन्ही जागा प्रथिनाच्या एकाच घडीत आहेत. या घडीची रचना २००२ मध्ये उलगडली, तेव्हा दिसले की ४५३ ची जागा घडीच्या पोटात आहे आणि तेथे जाडजूड ट्रिप्टोफॅन शिरल्यावर घडीच ढिली होते. ४८२ ची जागा मात्र पृष्ठभागावर आहे, तेथे बदल झाला तर घडी शाबूत राहते, बिघडतो तो बाहेरच्या रेणूंशी असलेला संबंध. शिकवताना मला या उदाहरणाइतके सुंदर उदाहरण फार थोडे मिळाले. कुटुंबासाठी त्याचा अर्थ असा, की नुसते ‘लॅमिनचा आजार’ म्हणून शोधत बसू नये. जो आकडा आपला आहे त्याचेच वर्णन वाचावे, आणि तरीही मनात जागा ठेवावी, कारण एकाच घरात एकच बदल असलेल्या दोघा भावांचा त्रास अगदी वेगवेगळा असू शकतो.

६०८ हा आकडा वेगळ्याच कारणाने लक्षात ठेवावा. तेथे ग्लायसीनच्या जागी ग्लायसीनच राहते, म्हणून वरवर पाहणाऱ्याला बदल निरुपद्रवी वाटेल. परंतु जनुकाच्या १८२४ व्या अक्षरात सी च्या जागी टी आल्याने जनुकाचा संदेश जोडताना चुकीच्या जागी कात्री लागते, १५० अक्षरे गळतात आणि प्रथिनातली ५० अमिनो आम्ले जातात, ज्यांत ती मघाची कापणीची जागाही असते. तेलकट शेपूट कायमची चिकटून राहते आणि प्रोजेरिन नावाचे सदोष प्रथिन जाळीत साचते. हाच हचिन्सन-गिल्फर्ड प्रोजेरिया. बाळपणीच वार्धक्याची लक्षणे आणणारा हा रोग या बदलामुळे होतो, हे २००३ साली कळले. तो साधारण ४० लाख जन्मांत एकदा होतो, उपचाराविना ही मुले सरासरी साडेचौदा वर्षे जगतात आणि बहुधा हृदयविकाराने जातात. फार्नेसिल चिकटण्याची क्रिया रोखणारे लोनाफार्निब हे औषध नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. ते रोग बरा करत नाही, आयुष्य वाढवते. हा बदल बहुतेक वेळा बाळातच नव्याने झालेला असतो, त्यामुळे आईने गरोदरपणी काय खाल्ले, काय केले, असल्या बोलण्याला काडीचाही आधार नाही, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना स्पष्ट सांगावे.

लॅमिन बी आणि त्याच्या सोबत्यांचे अहवाल क्वचित येतात. एलएमएनबी१ ची एक प्रत जास्त झाली तर प्रौढपणी मेंदूतील पांढऱ्या भागाचा आजार होतो. लॅमिन बीला धरून राहणाऱ्या प्रथिनाच्या एलबीआर जनुकातील एका प्रतीत दोष असेल, तर रक्ताच्या साध्या काचपट्टीवर न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशीचे केंद्रक तीन-चार पाळ्यांऐवजी चष्म्याच्या दोन भिंगांसारखे दिसते. याला पेल्गर-ह्युएट म्हणतात आणि एका प्रतीतला दोष असेल तर तो निरुपद्रवी असतो.

घरी पाहण्याच्या गोष्टी

कुटुंबातल्या ज्यांची तपासणी झालेली नाही, त्यांना भिंतीला पाठ लावून उभे करावे आणि दोन्ही हात समोर सरळ करायला सांगावे. कोपर थोडे वाकलेलेच राहते का ते पाहावे. हनुवटी छातीला टेकते का, मांडी घालून बसल्यावर पाठ वाकते का, आणि टाचा जमिनीला टेकवून उकिडवे बसता येते का, हेही पाहावे. जमिनीवर जेवायला बसणाऱ्या घरात ही लक्षणे खुर्ची-टेबलाच्या घरापेक्षा लवकर कळतात. शेजारच्या त्या मुलाच्या आजीने ‘हा पंगतीला नीट बसत नाही’ असे कितीदा तरी म्हटले होते. एमरी-ड्रायफसमध्ये ही आखडण अनेकदा स्नायूंची ताकद कमी होण्याच्या आधी येते, म्हणून धावणाऱ्या-खेळणाऱ्या मुलातही ती पाहावी. स्नायूंना इजा झाल्यावर रक्तात वाढणारे क्रिएटिन कायनेज प्राकृत आले म्हणून निर्धास्त होऊ नये. या आजारात ते प्राकृत किंवा बेताचेच वाढलेले असते. एमेरिन सदोष असल्याचा संशय असेल तर त्वचेच्या किंवा गालाच्या आतल्या पेशी रंगवूनही ते प्रथिन आहे की नाही ते पाहता येते.

हे सर्व व्यवस्थित असले तरी पुढचा भाग टाळता येत नाही. लॅमिनच्या काही घराण्यांत स्नायूंना काहीच होत नाही, फक्त हृदय बिघडते; हा प्रकारही १९९९ मध्येच, एमरी-ड्रायफसशी एलएमएनएचा संबंध कळला त्याच वर्षी, समोर आला.

ईसीजी

ईसीजीचा कागद नेहमीच्या वेगाने काढलेला असेल, तर त्यावरचे एक बारीक घर म्हणजे ०.०४ सेकंद. पहिला लहान उंचवटा पी, त्यानंतरची टोकदार उसळी क्यूआरएस. पी सुरू होतो तेथपासून क्यूआरएस सुरू होतो तेथपर्यंतची घरे मोजावीत. ती तीन ते पाच असावीत. पाचांहून जास्त म्हणजे लहर वरून खाली उतरताना रेंगाळते आहे. लॅमिनच्या आजारात अनेकदा आधी पी ठेंगणा होत जातो, मग हे अंतर वाढते, पुढे हृदयाचे वरचे कप्पे थरथरू लागतात किंवा लहर मध्येच तुटते. ही वाटचाल वर्षानुवर्षांची असते, म्हणून एका ईसीजीपेक्षा पाच वर्षांचे पाच ईसीजी शेजारी शेजारी ठेवून पाहणे डॉक्टरांना अधिक सांगून जाते.

येथे एक अगदी साधी, पण माझ्या दृष्टीने फार महत्त्वाची गोष्ट. मुलाच्या काकांचा एक जुना ईसीजी घरात आहे, असे आठवून त्याच्या आजोबांनी ट्रंकेतून प्लॅस्टिकच्या पाकिटातला कागद काढला. तो पूर्ण कोरा होता. गुलाबी चौकटी दिसत होत्या, रेघ उडून गेली होती. ईसीजीचा कागद थर्मल असतो, वडोदऱ्याच्या उन्हाळ्यात आणि त्यातही प्लॅस्टिकला चिकटून ठेवला तर त्यावरची रेघ पुसट होत होत नाहीशी होते. त्या कोऱ्या कागदावर कदाचित सारे लिहिलेले होते. म्हणून ईसीजी काढला त्याच दिवशी त्याची झेरॉक्स काढावी, फोनमध्ये फोटो घ्यावा, आणि कोपऱ्यात शाईने नाव व तारीख लिहावी.

ज्याच्यात रोगकारक बदल सापडला आहे, त्याने लक्षण असो वा नसो, हृदयतज्ज्ञांकडे ईसीजी, इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि २४ तासांची होल्टर तपासणी (अंगावर यंत्र लावून सलग काढलेला ईसीजी) ठरलेल्या अंतराने, सहसा दरवर्षी, करावी. जाताना चार प्रश्न लिहून न्यावेत: खालच्या कप्प्यातून अचानक वेगवान ठोके आले आहेत का, डाव्या कप्प्याची पंप करण्याची क्षमता ४५ टक्क्यांच्या खाली आहे का, माझ्या बदलाने प्रथिन अर्धवट तुटते की त्यातले एखादेच अमिनो आम्ल बदलते, आणि वरचे कप्पे थरथरत असतील तर गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवणारे औषध लागेल का. पहिल्या तिन्ही गोष्टी आणि रुग्ण पुरुष असणे, यांवर अचानक मृत्यूचा धोका बराच अवलंबून असतो.

पेसमेकर बसवायची वेळ आली तर आणखी एक प्रश्न अवश्य विचारावा: नुसता पेसमेकर पुरेल की जीवघेणा वेगवान ठोका झटका देऊन थांबवणारे यंत्र, म्हणजे आयसीडी, हवे? पेसमेकर मंद हृदयाला हाकतो, बेफाम झालेल्या हृदयाला आवरत नाही. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पेसमेकरची गरज असलेल्या लॅमिनच्या १९ रुग्णांना आयसीडी बसवले गेले, आणि पुढच्या सुमारे तीन वर्षांत त्यांपैकी ८ जणांत त्या यंत्राने योग्य कारणासाठी काम केले. यंत्र महाग असते आणि हा प्रश्न खर्चाच्या दडपणाखाली विचारायचा राहून जातो, म्हणून तो आधीच लिहून ठेवावा.

नातेवाइकांना सांगणे

एका मोठ्या कागदावर तीन पिढ्या काढाव्यात. पन्नाशीच्या आत अचानक गेलेले, पेसमेकर बसलेले, तरुणपणी पक्षाघात झालेले, चवड्यांवर चालणारे, हातपाय काटकुळे पण गळा-चेहरा भरलेला असलेले, अशा प्रत्येकापुढे खूण करावी. ‘हार्ट फेल झाले’ या एका वाक्यात आपल्याकडे कितीतरी गोष्टी झाकल्या जातात. वय किती होते, झोपेत की चालताना, आधी कधी चक्कर आली होती का, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना शांतपणे, एकेकाला वेगळे बसवून विचारावे. बदल ठाम रोगकारक असेल, तर भावंडांना तेवढीच एक जागा तपासून घेता येते. संपूर्ण जनुकसंचाची तपासणी करण्याची गरज नसते. तपासणीआधी जनुकीय समुपदेशकाशी बोलावे, विशेषतः मुले लहान असतील तर.

लग्नाच्या बोलण्यात अडचण येईल, म्हणून हे दडवण्याकडे कल असतो. ती भीती मला कळते, आणि शेजारच्या घरी तिच्यावरून किती रात्री वादात गेल्या हेही मी पाहिले आहे. शेवटी मुलाच्या वडिलांनी पुणे आणि ग्वाल्हेर येथील चुलतभावांना स्वतः पत्रे लिहिली. पत्रात रोगाचे वर्णन नव्हते. जनुकाचे नाव, बदलाची खूण अहवालात होती तशीच अक्षरशः उतरवलेली, ‘एक ईसीजी काढा आणि हा कागद हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा’ एवढी विनंती आणि अहवालाची प्रत. ग्वाल्हेरच्या एका चुलतबहिणीच्या ईसीजीत सात घरे मोजली गेली. तिला तोवर काहीही त्रास नव्हता.

रुग्णाने स्वतः पाकिटात एक कार्ड ठेवावे. त्यावर जनुकाचे नाव, बदलाची खूण, यंत्र बसवले असल्यास त्याचा प्रकार, चालू औषधे आणि हृदयतज्ज्ञांचा फोन असावा. दात काढण्यापासून मोठ्या शस्त्रक्रियेपर्यंत भूल देण्यापूर्वी भूलतज्ज्ञांना हे कार्ड दाखवावे. लांब पल्ल्याच्या शर्यती आणि स्पर्धात्मक, दमछाक करणारा व्यायाम टाळावा. कमाटी बागेत रोज सकाळी बेताने चालण्याबद्दल मात्र डॉक्टरांना विचारून घ्यावे, त्या मुलाला त्यांनी आनंदाने परवानगी दिली आहे.